पैनगंगेच्या खोऱ्यातील सायकलवाट

यवतमाळ आणि नांदेड या जिल्ह्यांच्या सीमेवर, सहस्रकुंडापाशी, पैनगंगा काळ्या बेसाल्ट खडकावरून कोसळते. आणि उमरखेड तालुक्यातील त्या खडकाळ, घळींनी चिरलेल्या प्रदेशात डोंगरी सायकलींसाठी नवी वाट आखावयाची झाली, तर योजकाने प्रथम सायकलीचा नव्हे, पाण्याचा विचार करावा. उतारावरून सरळ खाली येणारी वाट थोड्याच पावसाळ्यांत ओहोळ बनते; म्हणून ती समोच्च रेषांच्या जवळून, डोंगराच्या कुशीतून तिरपी न्यावी, तिचा चढ सामान्यतः शेकडा 10 पेक्षा आणि बाजूच्या उताराच्या निम्म्यापेक्षा अधिक नसावा, पृष्ठभाग दरीकडे शेकडा 5 कलता ठेवावा, आणि अधूनमधून चढाची दिशा पालटावी, म्हणजे पाणी वाटेवर न रेंगाळता आडवे निघून जाते. सखल भागातील काळी माती मात्र टाळलेली बरी. पावसात ती चाकांस अशी बिलगते की स्वारासच सायकल खांद्यावर वाहावी लागते!

कागदोपत्री काम याहून किचकट. पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीत 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा, वनजमिनीवर 1980 चा वनसंवर्धन कायदा. तेव्हा मोजणीचा नकाशा, गावची वहिवाट आणि ग्रामसभेचे मत पाहिल्यावाचून कुदळ उचलू नये. माझ्या मते अभयारण्य सर्वस्वी वगळावे, आणि गुरांच्या जुन्या पायवाटांपैकी योग्य उताराच्या तेवढ्या प्रथम उपयोगात आणाव्यात. त्या वाटा गुराख्यांइतक्या कोणासच ठाऊक नसतात. आखणीपूर्वी त्यांना अवश्य विचारावे.