वारंवार बंद पडणारा संगणक : दोष शोधण्याची रीत



एखादा विद्यार्थी भागाकारात रोज एकाच ठिकाणी चुकतो, तेव्हा जाणता शिक्षक त्याला मंदबुद्धी ठरवून मोकळा होत नाही. तो वही मागतो, चूक कोणत्या पायरीवर होते ते पाहतो आणि मगच बोलतो. वारंवार बंद पडणाऱ्या संगणकालाही हीच वागणूक द्यावयास हवी.

समजा, पाम येथील एका शिक्षकाने सुटे भाग आणून घरी संगणक जोडला. निकालपत्रके तयार करीत असता तो एकाएकी थांबतो; कधी निळा पडदा दाखवून पुन्हा सुरू होतो. घाईने रॅम बदलली जाते, विंडोज नव्याने घातली जाते, पंखाही नवा बसतो. चार दिवस यंत्र चालते आणि पुन्हा बंद पडते. पैसा गेला, परंतु दोष कशात होता हे कळले नाही. कारण तीन गोष्टी एकाच वेळी बदलल्या.

प्रथम निकालपत्रकांची व मुलांच्या नोंदींची प्रत पेनड्राइव्हवर काढून घ्यावी. त्यानंतर एक वही घालावी. तीत तारीख, वेळ, चालू असलेले काम आणि पडद्यावरील संदेश लिहावा. विंडोजमधील ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ४१ क्रमांकाची नोंद पुष्कळदा आढळते. यंत्र रीतसर बंद झाले नाही, एवढेच ती सांगते. ताप आहे हे समजले म्हणजे रोग समजला असे नव्हे.

आठवडाभराची वही बोलू लागते. जड काम सुरू केल्यावर काही वेळाने यंत्र थांबत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. आजचे पुष्कळ प्रोसेसर सुमारे ९५ ते १०० अंश सेल्सियसपर्यंत तापले की आधी गती कमी करतात व अखेर स्वतःच्या रक्षणासाठी बंद होतात. पंख्यात धूळ साचली आहे काय, थर्मल पेस्ट सुकली आहे काय, हे पाहावे. घरी जोडणी करताना पंख्याखालील धातूच्या बुडाची पारदर्शक पट्टी काढावयाची राहून जाते, तेही तपासावे.

निळा पडदा कोणत्याही वेळी, वेगवेगळे संदेश देत येत असेल, तर रॅम तपासावी. विंडोजमध्येच ‘मेमरी डायग्नोस्टिक’ ही सोय आहे. दोन पट्ट्या असल्यास एकेक काढून यंत्र चालवावे. वेग वाढविणारी ‘एक्सएमपी’ ही योजना चालू असल्यास ती बंद करून पाहावी. किनाऱ्याच्या दमट, खारट हवेत धातूचे संपर्कबिंदू गंजतात. पट्टी काढून, पुसून, पुन्हा नीट बसविल्यानेही कधी दोष जातो.

कोणताही संदेश न देता दिवा मालवावा तसे यंत्र विझत असेल, तर वीजपुरवठा आणि एसएमपीएस यांकडे पाहावे. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ पासून या परिसरात आहे. परंतु केंद्र जवळ असल्याने घरातील वीज स्थिर राहते असे नाही. ती रोहित्र, गावातील तारा आणि घरातील जोडणी यांच्या वाटेने येते. पाण्याचा पंप सुरू होताच यंत्र बंद पडते काय, हे वहीत टिपावे. अर्थिंग जाणत्या तारतंत्र्याकडून तपासून घ्यावे. एसएमपीएस मात्र कदापि उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यात प्राणघातक विद्युतभार शिल्लक राहू शकतो. चांगला एसएमपीएस लावून पाहणे, हीच त्याची परीक्षा होय.

नियम एकच : एका वेळी एकच बदल करावा, त्याचा परिणाम लिहावा, आणि पुरेसा काळ यंत्र चालवून मगच पुढे जावे.

हाताने जोडलेले यंत्र म्हणून त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय तंत्रज्ञांनीच जोडलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. त्यात हजारो निर्वात नलिका व रोधक होते. एवढ्या भागांतून सदोष भाग अंदाजाने सापडत नाही. क्रमानेच शोधावा लागतो.

शाळेतील संगणकावर ‘बिघडलेला’ असा शिक्का बसला की तो कापडाखाली जातो, आणि ज्या मुलाच्या घरी संगणक नाही त्याची एकमेव संधी त्याच कापडाखाली जाते. म्हणून दोष सापडल्यावर ती वही वर्गात न्यावी. प्रत्येक बिघाडाला कारण असते आणि ते शांतपणे शोधता येते, हा धडा मुलांना तीतून प्रत्यक्ष पाहावयास मिळेल.