आधी कागद, मग राग
(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका ग्रामसंघाच्या अध्यक्षताईंनी केलेले भाषण)



मागच्या वर्षी माझ्या जावेचं पिशवीचं ऑपरेशन झालं. वय अडतीस. पाळीत अंगावरून जास्त जायचं, कंबर दुखायची. खासगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली आणि डॉक्टर म्हणाले, "गाठ आहे, पिशवी काढून टाका." आपल्याच गटाने तिला तीस हजारांचं कर्ज दिलं. ठरावावर पहिली सही माझी होती.

ऑपरेशननंतर दहाव्या दिवसापासून तिची लघवी आपोआप गळायला लागली. बसली तरी, झोपली तरी. दोनदा दवाखान्यात नेलं. दोन्ही वेळा "अशक्तपणा आहे, होईल बंद" म्हणून गोळ्या दिल्या. बाई तीन आठवडे कापडाच्या घड्या बदलत घरात बसून राहिली. मीटिंगला येईना. मी हप्ता मागायला गेले, तेव्हा वासावरून मला कळलं.

घरात दोन तट पडले. दीर काठी घेऊन दवाखान्यात निघाले. सासूबाई म्हणाल्या, "नशिबाचे भोग." मैत्रिणींनो, दोन्ही चूक. तोडफोड केली की गुन्हा आपल्यावरच दाखल होतो. आणि नशीब म्हटलं की विचारायचं राहूनच जातं.

आम्ही तिला सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. तिथे लघवीच्या पिशवीत निळं औषध सोडून तपासलं. लघवीच्या पिशवीला भोक पडलं होतं. मी तिथल्या डॉक्टरबाईंना सरळ विचारलं, "मॅडम, ही त्यांची चूक ना?"

त्या म्हणाल्या, "गर्भाची पिशवी आणि लघवीची पिशवी एकमेकींना लागून असतात. हिची आधी दोन सिझर झालीत, त्यामुळे आत चिकटलेलं असतं. काळजी घेऊनही अशी जखम होऊ शकते. नुसतं भोक पडलं म्हणून हलगर्जीपणा झाला असं म्हणता येत नाही. पुढे काय केलं, ते बघा."

तिथून मी चार प्रश्न शिकले. तुम्हीही वहीत लिहून घ्या.

पहिला : ऑपरेशन गरजेचं होतं का? गाठ केवढी होती, आधी औषध देऊन बघितलं का? प्रत्येक गाठीला पिशवी काढावी लागत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ साली एवढा गाजला, की शासनाला समिती नेमावी लागली.

दुसरा : धोके समजावून सांगून, बाईची स्वतःची संमती घेतली का? २००८ साली सुप्रीम कोर्टाने पिशवीच्याच ऑपरेशनच्या खटल्यात सांगितलं, की शुद्धीवर आल्यावर सज्ञान बाईला विचारता येत असेल, जिवाची घाई नसेल, तर आईची संमतीसुद्धा चालत नाही. आमच्या फॉर्मवर सही फक्त दिराची.

तिसरा : एखाद्या साधारण जाणत्या डॉक्टरने घेतली असती तेवढी काळजी घेतली का? हे आपल्याला ठरवता येत नाही. कागद दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवावे लागतात.

चौथा : त्रास सुरू झाल्यावर तपासलं का, वेळेवर पुढे पाठवलं का? आमचं उत्तर इथे सापडलं. दोन्ही वेळच्या तारखेच्या चिठ्ठ्या जावेने बँकेच्या पासबुकात जपून ठेवल्या होत्या. लघवी गळते असं त्यावर लिहिलंय, तपासणी मात्र एकही नाही.

आता काय करायचं ते ऐका. दवाखान्याकडे केसपेपर, ऑपरेशनची नोंद, संमतीचा फॉर्म, डिस्चार्ज कार्ड लेखी अर्ज देऊन मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. डॉक्टरांच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. पैसे भरून उपचार घेतले असतील, तर जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या बिलाला फी नाही. डॉक्टरच्या वागणुकीची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे जाते. पोलीस केस मात्र सोपी नाही. त्याला हलगर्जीपणा फार मोठा असावा लागतो, आणि आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. २००५ साली सुप्रीम कोर्टानेच तसं सांगितलंय.

जावेचं दुसरं ऑपरेशन तीन महिन्यांनी सरकारी दवाखान्यात झालं. आता ती कोरडी आहे. आज तिसऱ्या रांगेत बसलीय, आणि तिला विचारूनच मी हे सगळं सांगतेय. आम्ही तक्रार भोक पडल्याची नाही केली. गरज नसताना घाई केल्याची, तिला न विचारल्याची आणि तीन आठवडे न तपासल्याची केली. निकाल यायचा आहे.

पण एक चूक आमच्या गटाचीही होती. शेळीसाठी कर्ज देताना आपण शेळी बघून येतो. दात बघतो, विमा विचारतो. जावेच्या ऑपरेशनला तीस हजार देताना मी एक प्रश्न विचारला नाही. म्हणून आमच्या ग्रामसंघाने ठराव केलाय : तातडीचं नसेल, तर पिशवीच्या ऑपरेशनच्या कर्जाआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं. त्यासाठी सरकारी दवाखान्यात जायचं भाडं गट देईल, आणि सोबत एक सखी जाईल.

तुमच्या गटातली कोणी दोन-तीन मीटिंगला आली नाही, तर दंड लावायच्या आधी तिच्या घरी जाऊन या. एवढंच सांगायला उभी राहिले होते.