वकिलाच्या कपाटातील घर



वसंतातील अशा प्रसन्न सायंकाळी वक्त्याने खरेदीखतांचे रुक्ष दप्तर कशासाठी सोडावे, असे आपल्यापैकी कित्येकांच्या मनात आले असेल. परंतु ज्याच्या घराचे मूळ कागद एखाद्या वकिलाच्या कपाटात अडकून पडले आहेत आणि ज्याने धाडलेल्या पत्रांना उत्तर म्हणून कधी येत नाही, त्याला याहून जिव्हाळ्याचा विषय नसतो, हे मी घरच्या अनुभवाने सांगतो.

माझ्या मामांनी गिरगावात एक जुने दुमजली घर घेतले, तेव्हा विक्रेत्याचा हक्क तपासण्यासाठी सारे कागद फोर्टातील एका सॉलिसिटरच्या हवाली केले. व्यवहार पुरा झाला, फी चुकती झाली, पेढेही वाटले गेले. कागद मात्र तिथेच राहिले. मामा मागावयास गेले की कारकून मोठ्या अदबीने सांगे, ‘साहेब कोर्टात आहेत.’ मामा पडले भिडस्त. ज्याने आपले काम नीट केले त्याच्यापाशी आपलीच वस्तू मागणे म्हणजे त्याच्या सचोटीविषयी शंका घेणे, अशी त्यांची समजूत. आणि त्या समजुतीपायी सहा वर्षे गेली. असल्या प्रकरणांत वकिलाच्या आळसापेक्षा अशिलाची भीडच अधिक घात करते, असे माझे स्पष्ट मत आहे.

कागद कोणाच्या हाती आहे याला आपल्या मुलखात केवढे महत्त्व होते, ते १८७५ सालच्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात दिसले. कर्जाने गांजलेल्या रयतेने सावकारांवर चाल केली, ती मुख्यतः खतपत्रे हस्तगत करून त्यांची होळी करण्यासाठी. मुंबईसारख्या शहरात तर कागदाला आणखी एक सामर्थ्य आहे. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५८व्या कलमानुसार तेथे कर्जाच्या तारणादाखल धनकोपाशी हक्काचे कागद नुसते ठेवले तरी गहाण होते, लेखी गहाणखत लागत नाही. म्हणूनच बँक नुसत्या नकलेवर समाधान मानीत नाही, आणि म्हणूनच परक्या कपाटात पडलेला मूळ कागद ही काळजीची वस्तू होय.

आता वकील म्हणेल की, माझी फी थकली आहे, सबब कागद अडकवून ठेवण्याचा मला अधिकार आहे. १८७२च्या करार कायद्याच्या १७१व्या कलमात हायकोर्टाच्या ‘अॅटर्नी’ मंडळींना तसा अधिकार दिलेला आहे खरा. पण अॅटर्नी हा निराळा वर्गच १९७६च्या दुरुस्तीने संपुष्टात आला, आणि एका सहकारी बँकेच्या विधिसल्लागाराने फीसाठी बँकेच्या फायली अडवून धरल्या तेव्हा, फीकरिता वकिलाला अशिलाची कागदपत्रे रोखता येत नाहीत, तसे करणे हे व्यावसायिक गैरवर्तन होय, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला. फी बाकी असेल तर त्याने दावा लावावा.

प्रश्न उरतो तो मौनाचा. नकार देणाऱ्याशी भांडता येते, न बोलणाऱ्याशी काय करावे? याचे उत्तर मुदतीच्या कायद्यातच दडलेले आहे. ठेव म्हणून दिलेली जंगम वस्तू परत मिळवण्याच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असून ती मागणीनंतरच्या नकारापासून मोजली जाते. म्हणजे मागणीच नसेल तर नकार कोठून येणार? यासाठी तोंडी विनवण्या सोडाव्यात, दिलेल्या कागदांची यादी करावी, ठरावीक दिवसांची मुदत घालावी आणि पोच मिळेल अशा टपालाने पत्र धाडावे. त्यानेही भागले नाही तर १९६१च्या वकील कायद्याच्या ३५व्या कलमाखाली राज्याच्या बार कौन्सिलकडे तक्रार करण्याची, आणि नेमकी तीच वस्तू परत मिळावी म्हणून दिवाणी दावा करण्याची वाट मोकळी असते. दरम्यान दुय्यम निबंधकाकडून नोंदलेल्या खताची सहीशिक्क्याची नक्कल काढून ठेवावी. ती फी भरणाऱ्या कोणासही मिळते. मात्र पुष्कळ लोक उतावळेपणाने ‘मूळ दस्तऐवज गहाळ’ अशी जाहीर सूचना वर्तमानपत्रात देतात, ते करू नये. कागद गहाळ नाही, तो अडकलेला आहे, आणि कोठे अडकला आहे हे आपणांस पक्के ठाऊक आहे. जाणूनबुजून खोटे छापून आपला खरा हक्क बळकट होत नाही.

मामांनी अखेर असेच पत्र धाडले. मसुदा मामींनी केला होता, कारण मामांच्या मसुद्यात तीन वेळा क्षमा मागितलेली होती. नवव्या दिवशी कारकून स्वतः लाल फितीने बांधलेला गठ्ठा घेऊन दारी आला. मामांनी यादीवरून कागद ताडून पाहिले. यादीत अकरा होते, गठ्ठ्यात बारा निघाले. बारावे एक गहाणखत होते आणि त्याचा धनी कोणी भलताच गृहस्थ होता. मामांनी ते त्याच संध्याकाळी त्याच्या घरी नेऊन दिले आणि पोच लिहून घेतली.