केबलमध्ये लिहिलंय, म्हणून खरं?

(हिंजवडीतल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आपल्यापैकी बरेच जण इथे हिंजवडीत कोड लिहितात. सर्व्हर बंद पडला की आपण आधी लॉग उघडतो. त्यात 'नेटवर्क तुटलं' असं असेल, तर प्रोग्रामने तशी नोंद केली एवढंच कळतं. खरं कारण वेगळं असू शकतं. दूतावासांची फुटलेली कागदपत्रं विकिपीडियासाठी वापरताना हेच लक्षात ठेवायचं.

आपल्या महाराष्ट्राचंच उदाहरण घेऊ. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात हेमंत करकरे शहीद झाले. ते मालेगाव बॉम्बस्फोटाचा तपास करत होते. १७ डिसेंबरला केंद्रीय अल्पसंख्याक मंत्री बॅ. अ. र. अंतुले यांनी त्यांच्या मृत्यूबद्दल जाहीर शंका घेतली. २३ डिसेंबरला गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी लोकसभेत ती फेटाळली. त्याच सुमारास अमेरिकेचे राजदूत डेव्हिड मल्फर्ड यांनी आपल्या सरकारला केबल पाठवली. मुस्लिम मतांसाठी काँग्रेस या वादाचा फायदा उठवतेय, असा तिचा सूर होता. डिसेंबर २०१० मध्ये ती विकिलीक्समुळे उघड झाली.

आता समजा, तुम्ही मराठी विकिपीडियावर अंतुल्यांचं पान लिहिताय. 'काँग्रेसने मतांसाठी या शंकेला खतपाणी घातलं' असं लिहून खाली केबलचा दुवा दिलात, तर ते चूक. केबलवरून सिद्ध होतं ते इतकंच, की राजदूताने तसं लिहिलं. म्हणून वाक्यातच सांगा: हा आरोप कोणी केला, कधी केला, तो उघड कधी झाला. सोबत वर्तमानपत्राने छाननी करून दिलेली बातमी द्या आणि काँग्रेसची बाजूही द्या. मूळ कागदावरून स्वतः निष्कर्ष काढायचा नाही, हा विकिपीडियाचा नियमच आहे. 'द हिंदू'ने २०११ मध्ये भारताविषयीच्या केबल्सवर सविस्तर बातम्या दिल्या. असे स्रोत इथे कामी येतात.

आपल्याला हे नवीन नाही. हदीसच्या अभ्यासात मजकुराबरोबर सनदही तपासतात: सांगणारा कोण, त्याने कोणाकडून ऐकलं?

आता आपलीच परीक्षा. २००९ च्या एका केबलमध्ये राजदूत टिमोथी रोमर यांनी राहुल गांधींशी झालेलं बोलणं नोंदवलंय. कट्टर हिंदू गटांचा धोका अधिक मोठा ठरू शकतो, असं राहुल म्हणाल्याचं त्यात आहे. ही केबल आपल्यातले काही जण 'पुरावा' म्हणून फॉरवर्ड करतात आणि मल्फर्ड यांचीच तेवढी 'अमेरिकेचा डाव' म्हणतात. दोन्ही कागद एकाच फुटीतून आलेत. फूटपट्टीही एकच हवी.

आणखी एक. सप्टेंबर २०११ मध्ये विकिलीक्सने अडीच लाखांहून अधिक केबल्स नावं न झाकता खुल्या केल्या. विश्वासाने दूतावासाशी बोललेल्या साध्या माणसांची नावंही त्यात होती. ती आपण कुठेही उतरवायची नाहीत. नाव एकदा बाहेर पडलं, म्हणून पुन्हा पसरवायची मुभा मिळत नाही.

अंतुले हे महाराष्ट्राचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री. त्यांच्या पानावर सिमेंट प्रकरण यावं, करकऱ्यांबद्दलचं ते विधान यावं, कारभारही यावा. त्यांना देव बनवू नका आणि एका परक्या राजदूताच्या परिच्छेदात कोंबूही नका. आपल्याबद्दल इतर लोक चुकीचं लिहितात, ही तक्रार आपण नेहमी करतो. मग स्वतः लिहायला बसू तेव्हा तरी सनद तपासून लिहू.