पाणी आणि वीज यांचा शेजार



विजेजवळ पाणी नेऊ नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तरीही आम्ही संगणकाच्या मदरबोर्डावर पाणी खेळवणारा तांब्याचा ठोकळा बसवतो. कारण तेवढ्याच तापमानवाढीत एक लिटर पाणी एक लिटर हवेच्या सुमारे ३,५०० पट उष्णता सामावून घेते.

पहिल्या खेपेस आम्ही एक स्क्रू पुरता आवळला, मग दुसरा. ठोकळा कलला, एका बाजूस लेप जाड राहिला आणि प्रोसेसर तापतच राहिला. चूक आमचीच होती. तेव्हापासून बोर्डामागची आधारपट्टी आधी नीट बसवतो. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतले स्क्रू आळीपाळीने थोडेथोडे फिरवतो, आणि अडले की थांबतो. जोर वाढवल्याने गारवा वाढत नाही; बोर्ड मात्र वाकतो.

पुढे खरी कसोटी. बोर्डाची वीज काढून फक्त पंपाला द्यावी, सांध्यांखाली कागद अंथरावा आणि २४ तास वाट पाहावी. कागद कोरडा राहिला, तरच बोर्डाला वीज द्यावी.

श्रोतेहो, एवढा धीर धरला, तर पाणी आणि वीज सुखाने शेजारी नांदतात.