बालकाच्या हाती काय द्यावे?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात अकोट येथे दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने मला आज दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, हा मी माझा गौरव समजतो. मी एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक. मॅट्रिकपलीकडे माझी मजल गेली नाही, म्हणून विद्वत्तेचा आव मी आणणार नाही. परंतु 34 वर्षे लहान मुलांच्या वर्गापुढे उभा राहिलो असल्यामुळे त्यांच्याविषयी काही निवेदन करण्याचा अधिकार मला पोचतो, असे वाटते. निमित्तही तसेच घडले आहे. यंदाच्या निधीतून आपल्या बालवाडीतील प्रत्येक मुलास टॅब नावाची विद्युत्-पाटी घेऊन द्यावी, अशी सूचना पुढे आली आहे. सूचना करणाऱ्यांच्या सद्हेतूविषयी मला शंका नाही. तथापि निर्णयापूर्वी माझे म्हणणे ऐकून घ्यावे, अशी विनंती आहे.

प्रथम माझाच अपराध कबूल करतो. मुलगा व सून नोकरीस जात. घरी नातवाजवळ आम्ही दोघे वृद्ध. जेवताना तो रडे, म्हणून मीच त्याच्यापुढे मोबाइल धरला. चित्रे हलू लागली की घास मुकाट्याने पोटात जाई. आम्हांस ते मोठे सोयीचे वाटले. अडीच वर्षांचा झाला तेव्हा तो इंग्रजी गाण्याची चाल बिनचूक गुणगुणे. पण तहान लागली तर ‘पाणी दे’ एवढे दोन शब्द त्याला जोडता येत नसत. माझे बोट धरून तो मला माठाकडे ओढीत नेई. जन्मभर लोकांच्या मुलांना बोलते करणाऱ्या माणसाच्या घरी ही गत! डॉक्टरांनी कान तपासले, ते ठीक होते. ‘मोबाइल दूर ठेवा आणि मुलाशी बोला,’ एवढेच ते म्हणाले. सारा दोष यंत्राचा होता, असे मी म्हणत नाही. यंत्र आल्यावर आम्ही मुलाशी बोलणे सोडले, हा खरा दोष.

ह्या प्रसंगानंतर मला ताराबाई मोडक ह्यांच्या कार्याचे पुन्हा स्मरण झाले. वऱ्हाडास त्या परक्या नव्हेत. विवाहानंतर काही वर्षे त्यांचे वास्तव्य अमरावतीस होते. पुढे 1923 साली त्या भावनगरास गिजुभाई बधेका ह्यांच्या बालमंदिरात गेल्या आणि माँटेसोरी पद्धतीचा त्यांनी अंगीकार केला. माँटेसोरीबाईंनी 1907 साली रोममधील गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले होते. त्यांच्या साधनांपैकी दट्ट्यांची पेटी पाहा. लाकडी ठोकळ्यात लहानमोठी भोके आणि प्रत्येकात नेमका बसणारा दट्ट्या. बारीक दट्ट्या मोठ्या भोकात घातला, तर शेवटचा दट्ट्या कोठेच बसत नाही. चूक मुलाला स्वतःच दिसते. शिक्षकाला रागवावे लागत नाही. मूल थांबते, पाहते, पुन्हा मांडते. तोवर साधन त्याची वाट पाहते.

हेही तंत्रज्ञानच आहे, सज्जनहो! मात्र ते महाग होते. 1945 साली बोर्डीस आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ ह्यांच्यासह कार्य करताना ताराबाईंनी शिंपले, बिया, पाने, खडे, माती ह्यांचीच साधने केली. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द 1975 नंतर सरकारी योजनेमुळे घरोघरी पोचला. त्यामागे ही तपश्चर्या आहे.

ह्यावरून मी एक साधी कसोटी बसवली आहे. मुलाच्या हाती जे द्यायचे, ते त्याच्या हाताला काम देते काय? त्याच्यासाठी थांबते काय? आणि त्याच्या शेजारी दुसरे माणूस बसवते काय? पडद्यावरील चित्र मुलासाठी थांबत नाही; मूल चुकले काय, झोपले काय, ते पुढे धावते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले, की दोन वर्षांच्या आतील मुलास पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसाकाठी एक तासाहून अधिक नको. जितके कमी तितके बरे. केंद्र सरकारने 2023 साली तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ काढला, त्यातही खेळणी, कोडी, चित्रे आणि गोष्टीच आहेत.

मी यंत्राचा वैरी नाही. 2020 साली शाळा बंद पडल्या, तेव्हा मोबाइलनेच थोडेफार शिक्षण तगवले, हे मी विसरत नाही. परगावी असलेली आत्या त्याच पडद्यावरून नातवाला हाक मारते, तो उत्तर देतो, ती हसते. तेथे यंत्र दोन माणसांना जोडते. बालवाडीच्या बाईंनी त्यावर नवे गाणे शिकावे, नवा खेळ पाहावा, हेही योग्यच. सांगणे एवढेच, की ह्या वयात यंत्राची जागा शिकवणाऱ्याच्या हाती आहे, शिकणाऱ्याच्या मांडीवर नाही.

म्हणून माझी नम्र सूचना अशी: एक टॅब बाईंसाठी घ्यावा. उरलेल्या रकमेतून गावच्या सुताराकडून ठोकळे व दट्ट्यांच्या पेट्या करून घ्याव्यात, वाळूचा हौद बांधावा, मराठी चित्रपुस्तके आणावीत. चिंचोके, तुरीचे दाणे, सरकी तर आपल्या घरीच आहे. मात्र मुलांना ती मोठ्यांच्या नजरेखाली द्यावी. आणि प्रत्येक कुटुंबातील आजी-आजोबांनी महिन्यातून एक तास बालवाडीत येऊन आपल्या वऱ्हाडी बोलीत मुलांना गोष्ट सांगावी. ह्या देणगीस पावती नाही, पण तिच्याइतकी मोठी देणगी दुसरी नाही.

माझा नातू आता चार वर्षांचा आहे. पहिले आठ दिवस त्याने घर डोक्यावर घेतले. मग ओसरीवर आम्ही चिंचोके मांडू लागलो. एके दिवशी माझी मोजणी चुकली, तेव्हा तो म्हणाला, ‘आजोबा, तुमचा एक राहिला!’ मला वाटते, माझ्या साऱ्या सेवेतील मोठे बक्षीस ते हेच.