ग्राहकाचे खाते आणि ऐकीव वार्ता

एखाद्या व्यापारी पेढीचे नाव वर्तमानपत्रात झळकले, किंवा इंटरनेटवर तिच्याविषयी काही मजकूर आढळला, की तिला माल विकणाऱ्या कंपनीतील कर्मचारी तो उचलून संगणकातील त्या ग्राहकाच्या खात्याला जोडून ठेवतो. हे काम आता क्षणात होते. सोय तीच आणि मेखही तीच.

ही वहिवाट संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. 1837 च्या आर्थिक अरिष्टात न्यूयॉर्कमधील टॅपन बंधूंच्या रेशमाच्या पेढीला आपली देणी थांबवावी लागली. पुढे 1841 मध्ये त्यांच्यापैकी लुईस टॅपन यांनी ‘मर्कंटाइल एजन्सी’ काढली. गावोगावचे वार्ताहर, विशेषतः वकील, दुकानदारांची पत, सचोटी आणि सवयी यांविषयी गुप्तपणे लिहून पाठवीत. कारकून तो मजकूर जाडजूड वह्यांत उतरून घेत आणि वर्गणीदारांना कचेरीत वाचून दाखवीत. ज्याच्याविषयी लिहिले त्या बिचाऱ्याला याचा गंधही नसे. उधारी मात्र त्या ओळींवर मिळे वा अडे.

ओहायो राज्यातील नॉरवॉक येथील एका दुकानदाराची पत्नी घटस्फोटाचा दावा लावणार, अशी नोंद एकदा झाली. त्याने अब्रुनुकसानीची फिर्याद केली. बातमी कोणी दिली, हे सांगण्यास एजन्सीचे भागीदार बेंजामिन डग्लस यांनी नकार दिला आणि 1851 मध्ये वीस दिवसांचा तुरुंगवास पत्करला. ज्यूरीने दहा हजार डॉलरची भरपाई देवविली. 1870 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला.

आज बातमीचे मूळ लपलेले नसते, पण ते टिकतही नाही. इंटरनेटवरील पान बदलते, कधी नाहीसेच होते. म्हणून नुसता पत्ता पुरत नाही. मजकुराची प्रत आणि ती घेतल्याची तारीख हवी, आणि टिपणाऱ्याचा स्वतःचा तर्क वेगळ्या रकान्यात हवा. नामसाम्याचा घोटाळा तर नित्याचाच. ‘महालक्ष्मी ट्रेडर्स’ नावाची दुकाने कोल्हापुरापासून इंदूरपर्यंत किती असतील! एकावरील छाप्याची बातमी दुसऱ्याच्या खात्यात सहज जाऊन बसते.

2023 च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात व्यक्तीला चुकीची माहिती दुरुस्त करून मागण्याची तरतूद आहे. परंतु नोंद आहे हेच ठाऊक नसेल, तर मागणी करणार कोण? वर्तमानपत्र कधीकधी आतल्या पानावर खुलासा छापते. तो खुलासा मूळ बातमीच्या शेजारी नोंदविला नाही, तर तीन वर्षांनी नवा विक्रेता तेच खाते उघडतो, तेव्हा त्याला केवळ आरोप दिसतो.